मिठाचा अंदाज

“वाढलंय म्हंजी? गाठ हाय का, सायेब?” बंकटने विचारलं. 

डॉक्टरांनी पडद्यावर त्याच्या मेंदूचे दोन फोटो शेजारी शेजारी लावले होते. एक विजेच्या शॉकच्या उपचारांआधीचा, दुसरा आठ शॉक झाल्यानंतरचा. “गाठ नाही. आठवणींशी संबंध असलेला भाग किंचित वाढलाय. शॉक घेतलेल्या बऱ्याच जणांत असं दिसतं. त्याचा नेमका अर्थ आम्हालाही अजून पुरता कळलेला नाही.”

डॉक्टर खरं बोलले, पण खरं बोलणाऱ्याने समोरच्याचं काळीजही बघावं. बंकट वडवणीचा आचारी. दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून मरणाच्या गोष्टी करणारा हा माणूस शॉकमुळे आता जेवत होता, झोपत होता. त्याला भीती एकच होती. त्या वाढलेल्या जागेने आपला अंदाज तर बाहेर ढकलला नाही ना? पाचशे माणसांच्या आमटीला मीठ किती, हे त्याने कधी मोजलंच नव्हतं. हाताला ठाऊक असायचं.

“कावून घाबरता?” एसटीत त्याची बायको कौशल्याबाई म्हणाली. “शिर सलामत तर पगडी पचास. तुमी हायेत, मला लई झालं.”

पंधरा दिवसांनी गावच्या सप्त्याचं काल्याचं जेवण त्याच्याकडे आलं. नैवेद्याआधी थेंबभरही चाखायचं नाही, हा रिवाज. काहिलीपुढे उभा राहून तो मुठीमागून मूठ टाकत गेला. पूर्वी हात आपोआप थांबायचा. आजही थांबला, पण ओळखून थांबला की भिऊन, हे त्याला कळेना. 

नैवेद्य झाला, तरी त्याला चाखायचं धाडस झालं नाही. पंगत बसली. पहिला भुरका झाला न झाला तोच कुणीतरी हळूच म्हणालं, “जरा मीठ आना हिकडं.” मग दुसऱ्या टोकाकडून कुणी. मग मधून. कुणी नावं ठेवली नाहीत. सगळ्यांना त्याचं दुखणं माहीत होतं, आणि तेच त्याला जास्त लागलं.

कौशल्याबाईने मिठाची वाटी उचलली. “तुमी बसा. म्या वाढते.”

“न्हाई. दे हिकडं.”

तीस वर्षांत तो चुलीपासून उठून पंगतीत कधी वाढायला गेला नव्हता. वाटी घेऊन तो पहिल्या ताटाशी वाकला.

“किती वाढू, दादा?” त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट बघत तसाच वाकून राहिला.