निधनाचा कागद लागलेले दार

मित्रांनो, अक्रोडाच्या लाकडाचे मी एक जुने दार आहे. बल्गेरियातल्या एका लहानशा गावात, चर्चच्या मागच्या गल्लीत, पोस्टमन नायदेनच्या घराला मी एकोणसाठ वर्षे राखले. ज्या सुताराने मला घडवले तो मोठा तिरसट होता. लाकूड तीन उन्हाळे वाळल्याशिवाय तो रंध्याला हात लावीत नसे. म्हणून मी कधी फुगले नाही, कधी कुरकुरले नाही. शिवाय माझ्या डोक्यावर कौलांची पुढे आलेली पडवी होती. लोक तिचे कौतुक करीत. पुढे तीच आमच्या मुळावर आली.

दाराला दोन तोंडे असतात, सबब त्याचा भरवसा धरू नये, असे काही शहाणे म्हणतात. मला हे मान्य नाही. माझी एक बाजू ऊन सोसते, दुसरी घराची ऊब राखते; पण बिजागऱ्या दोघींच्या त्याच. दोन बाजू असण्यात दोष कसला? एक बाजू दुसरीला ओळखेनाशी झाली, की मात्र घर बुडते. आमच्या घरात ते घडले.

गेल्या शरदात, आलुबुखारांची काढणी आटोपत असताना, राजधानीहून रालित्सा नावाची दिग्दर्शिका चित्रपट करायला आली. कथा अशाच एका लहान गावातली होती. आसेन नावाच्या भिडस्त शिक्षकात दुसरा एक आसेन राहतो. पहिला जे जोडतो ते दुसरा मोडतो. शेवटी दोघांतला एक मरतो, आणि उरलेला कोणता, हे त्या उरलेल्यालाच कळत नाही. दोन्ही आसेन एकच नट करीत होता. दोघे एकत्र दिसायचे तेव्हा पाठमोरा कोणीतरी लागे. नायदेनची पाठ जुळली.

एकोणीस दिवस शिक्षकाचा करडा कोट घालून तो माझ्यातून आत-बाहेर करीत होता. एकदा रालित्सा म्हणाली, "नायदेन, त्या नटाच्या चेहऱ्यापेक्षा तुमची पाठ जास्त बोलते हो!" तीस वर्षे त्याने घरोघरी पत्रे पोचवली होती, त्याला असे कोणी म्हटले नव्हते. त्या दिवशी तो बराच वेळ माझ्यापाशी उभा राहिला आणि मग कोटाची बाही हळूच चाचपून आत गेला.

आमच्याकडे माणूस गेला की त्याचे छायाचित्र आणि नाव छापलेला कागद घराच्या दारावर, खांबांवर, बसथांब्यावर चिकटवतात. चाळिसाव्या दिवशी आणि वर्षश्राद्धाला नवा लावतात. चित्रपटातल्या मरणासाठी तसा कागद हवा होता. नट म्हणाला, "जिवंतपणी माझा फोटो त्याच्यावर? मुळीच नाही!" मग छायाचित्र नायदेनचे घेतले आणि खाली नाव घातले आसेनचे.

नायदेनची बायको देश्का तीनदा थुंकली. "थू, थू, थू! अहो बाई, जित्या माणसाला भिंतीवर चिकटवताय?"

"भिंतीवर नाही, दारावर. आणि एका दिवसाचंच काम आहे, ताई. संध्याकाळी काढून टाकू."

संध्याकाळी त्यांनी सामान भरले आणि ते निघून गेले. कागद राहिला.

तो त्याच क्षणी कोणी का काढला नाही, असे तुम्ही विचाराल. आमच्या गावात तसल्या कागदाला माणसाचा हात लागत नाही. देश्काने नख लावले, तेव्हा शेजारचा म्हातारा रान्गेल ओरडला, "राहू दे गं पोरी! तो माणसानं काढायचा नसतो. पाऊस नेईल." पाऊस आला. खांबांवरचे सगळे कागद वाहून गेले. मी पडवीखाली होते. माझ्या छातीवर एक थेंबही पडला नाही.

प्रथम सारे हसण्यावारी गेले. रान्गेल येता-जाता विचारी, "काय रे नायदेन, वरती पोस्ट आहे का? माझ्या म्हातारीला सांगायचंय, सुखात आहे म्हणून." नायदेनही हसे. मग पलीकडच्या गल्लीतली तोता आजी आली. तिला डोळ्यांनी नीट दिसत नाही आणि चित्रपटाचे ठाऊक नव्हते. तिने उंबऱ्यावर मेणबत्ती लावली, मृताच्या नावाने उकडलेल्या गोड गव्हाची वाटी ठेवली आणि रडत निघून गेली. नायदेनने ती वाटी उचलली. उभ्या-उभ्या सगळे गहू खाल्ले आणि रीतीप्रमाणे म्हणाला, "देव त्याला क्षमा करो." तो हसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने मला ठोठावले. मित्रांनो, गावातले प्रत्येक दार ठोठावणारा हा माणूस. मला मात्र तो नेहमी खांद्याने ढकलून आत येई. त्याच्या बोटांची हाडे माझ्यावर पहिल्यांदाच वाजली.

"नायदेन आहेत का घरी?"

देश्का हसत आली. "किल्ली हरवलीस वाटतं, वेंधळ्या?"

"मी आसेन. त्यांच्या जागी टपाल वाटतोय. पिशवी ठेवायला आलो होतो, बाई."

'बाई' ऐकून तिचे हसू विरले. त्या दिवसापासून तो पाहुण्यांच्या खोलीत निजू लागला, सकाळी गोधडीची घडी घालून आभार मानू लागला. तिने शपथा घातल्या, लग्नाचा फोटो दाखवला, अंगावर ताट फेकले. तो म्हणे, "मला तुमचं दुःख कळतं, बाई." डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. आसेनने त्या घेतल्या नाहीत, कारण चिठ्ठीवर नाव नायदेनचे होते.

शेवटी देश्काने पाप-पुण्य बाजूला ठेवले आणि सुरीने कागद खरवडून काढला. माझी सालपटे निघाली. मला त्याचे काही वाटले नाही. पण उशीर झाला होता. आठवड्याभराने त्याने स्वतःच्या हाताने नवा कागद माझ्यावर चिकटवला. छापखानेवाल्याला वाटले, सिनेमाचेच काम असेल. छायाचित्र तेच होते. खाली नाव मात्र या वेळी नायदेनचे होते.

"परवा चाळिसावा दिवस," तो अदबीने म्हणाला. "त्यानंतर मी गाव सोडेन. मृताच्या घरी पाहुण्यानं फार राहू नये."

चाळिसाव्या दिवशी तो बसचे तिकीट आणायला गेला, तेव्हा देश्काने रान्गेलला पहार घेऊन बोलावले.

"दार काढा, काका."

"अगं, बर्फ तोंडावर आलंय! तुझ्याही डोक्यात सिनेमा शिरला काय?"

"ठोठावायला काही उरलंच नाही, तर तो पाहुणा कसा होईल? काढा म्हणते ना!"

"मीच म्हटलं होतं, पाऊस नेईल," एवढे बोलून रान्गेलने पहार घातली. एकोणसाठ वर्षांच्या बिजागऱ्या सुटल्या. मला अंगणात पालथे टाकले, कागद खाली आणि तोंड चिखलात. त्यामुळे पुढचे मी फक्त ऐकले.

बूट उंबऱ्याशी थांबले. बाही सळसळली, हात ठोठावण्यासाठी वर गेला असावा. आवाज झाला नाही. बऱ्याच वेळाने आतून देश्का म्हणाली, "नायदेन, घेवड्याचं सूप निवतंय."

मग एक पाऊल दगडावर पडले. एकच. ते आत पडले की मागे वळले, हे मला ओळखता आले नाही.

आता मी सरपणाच्या खोपीत आहे. घराच्या तोंडाशी घोंगडी लटकते. आत माणूस आहे, हे मला खोकल्यावरून कळते. रोज सकाळी देश्का हाक मारते, "नायदेन!" कधी "हं" येते. कधी कितीतरी दिवस येत नाही.

मित्रांनो, जिवंत माणसावर खोटा कागद चिकटलेला दिसला, तर रीत विचारत बसू नका. त्याच दिवशी नखांनी काढा. थट्टेत लावलेला असला तरी काढा, आणि कौतुकाने लावलेला असला तर अगोदर काढा. आणि कधी आमच्या गल्लीतून जाणे झाले, तर त्या घोंगडीसमोर थांबून मोठ्याने 'नायदेन' अशी हाक मारा. तुमची त्याची ओळख नसली तरी चालेल. देश्का एकटीच हाका मारते आहे, आणि तिचा आवाज बसत चालला आहे.