वर थांबणाऱ्याचं घड्याळ

मुलांनो, मनातल्या मनात हातावर एक घड्याळ बांधा. जड, काळ्या तबकडीचं, पाण्यात बुडालं तरी चालणारं. काचेभोवती दातेरी कडं आहे आणि कड्यावर एक ठिपका. कडं फिरवून ठिपका मिनिटकाट्यासमोर आणायचा, म्हणजे माणूस पाण्याखाली जाऊन किती वेळ झाला ते कळतं. याला चावी नाही, सेल नाही. हात हलला की आतलं चक्र फिरतं आणि घड्याळ चालतं. काढून ठेवलं, की एक-दोन दिवसांत बंद. एवढं ध्यानात ठेवा.

असं घड्याळ कशफ नावाच्या मुलीला घाटंजीच्या आठवडी बाजारात दिसलं. कापसाची ती वाईट वर्षं होती. बाजारात लोक सायकली, कपबश्या, घरातलं काहीबाही मांडून बसत. कशफचे अब्बा इकबाल विहिरीत पडलेल्या पंपाच्या मोटारी काढायचे. कमरेला दोर बांधून ते बुडी मारत आणि वर दोर धरून कशफ आकडे मोजे. भीतीनं आकडे चुकत. एक दिवस आपल्या चुकीपायी अब्बा खालीच राहतील, असं तिला वाटे. म्हणून तिला ते घड्याळ हवं होतं.

ते विकायला बसली होती जवळच्या तांड्यावरची हंसाबाई. तिचा नवरा शंकरसिंगही हेच काम करायचा. धरणावरच्या एका पाणबुड्यानं त्याला घड्याळ दिलेलं, पण त्यानं ते स्वतः कधी घातलं नाही. खाली जाणाऱ्यानं वेळ बघायची नाही, वर थांबणाऱ्यानं बघायची, असा त्यांचा शिरस्ता. घड्याळ हंसाबाईच्या मनगटावर असे. एकदा ती कापूस वेचायला गेली असताना तो झाडाला दोर बांधून एकटाच तांड्याच्या विहिरीत उतरला. वर कोणी नव्हतं. तो आलाच नाही. दोर तुटला होता आणि गाळ इतका, की तो सापडलाही नाही.

"तवापासून हे डब्यात पडून हाय," हंसाबाई म्हणाली. "कोनाच्या हातात नाही. तरी चालूनच राह्यलं."

इकबाल हसले. "काकी, गिऱ्हाईक दिसलं का तुमीच डबा हालवत असान."

"मी कायले हालवू? मले त्याची टिकटिक नको, म्हनून त इकून राह्यली."

घासाघीस झाली आणि घड्याळ घरी आलं. कशफनं ते कोनाड्यात ठेवलं आणि मुद्दाम हात लावला नाही. आठवडा गेला, ते थांबलं नाही. रोज सकाळी पाहावं तर ठिपका मिनिटकाट्याच्या अगदी समोर, जणू कोणीतरी आत्ताच बुडी मारलीय.

उन्हाळ्यात तांड्यावरच्या बाकीच्या विहिरी आटल्या. शंकरसिंग बुडाला तेव्हापासून बंद ठेवलेली विहीर पुन्हा चालू करायचं ठरलं आणि तिच्यातली जुनी मोटार काढायला इकबालना बोलावणं आलं. भर दुपारी ते उतरले. दोराच्या खुणा या कामात सगळ्यांच्या ठरलेल्याच होत्या. खालून एक झटका म्हणजे, वेळ झाली का? वरून दोन झटके म्हणजे, झाली, वर ये.

कशफनं ठिपका काट्यासमोर आणला आणि पाण्याकडे पाहत राहिली. बुडबुडे आले, मग तेही थांबले. तिनं घड्याळाकडे पाहिलं. काटा हललाच नव्हता. तिनं मनगट झटकलं, जोरात हलवलं. डब्यात, कोनाड्यात चालणारं घड्याळ तिच्या हातावर मेल्यासारखं गप्प होतं.

ती वाट पाहत बसली नाही. तिनं दोन झटके दिले.

बऱ्याच वेळानं इकबाल वर आले, धापा टाकत, विहिरीच्या पायऱ्यांवरून. मोटार गाळात रुतली होती आणि दोर तिच्यात गुंतत होता, म्हणून कमरेची गाठ सोडून ते निसटले होते. कशफ रडत त्यांना बिलगली. दोर मात्र तिच्या मुठीत तसाच राहिला.

तेवढ्यात तो ताणला गेला. खालून एक झटका आला. सावकाश, विचारल्यासारखा.

मनगटावर टिकटिक सुरू झाली.

इकबालचा चेहरा उतरला. "सोड तो दोर, बेटा," ते हळूच म्हणाले. "खाली कोनी नाही."

पुन्हा एक झटका आला.

कशफनं पाण्याकडे पाहिलं. तिनं दोर सोडला नाही. काठावर पाय रोवले, दोन्ही हातांनी दोर घट्ट धरला आणि वरून दोन झटके दिले.