तानबाची दुसरी उडी

समुद्रपूरच्या बसस्टँडजवळ धर्मेंद्रचं बी-बियाण्यांचं दुकान. वय छप्पन्न. वर्ध्याला कॉलेजात असताना त्यानं टीव्हीला जोडायच्या छोट्या कॉम्प्युटरवर ‘तानबाची उडी’ नावाचा गेम बनवला होता. त्यातला तानबा शेताच्या धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, उड्या मारत कापूस वेचायचा. तेव्हा गेम टेपच्या कॅसेटवर भरायचे, तशा दहा-बारा मित्रांत वाटल्या आणि विषय संपला.

गेल्या वर्षी त्यातली एक कॅसेट पोलंडच्या कुण्या हौशी माणसाच्या हाती लागली. त्यानं धर्मेंद्रला हुडकून मेल केला, दुसरा भाग कधी? झालं, धर्मेंद्रच्या अंगात आलं. माळ्यावरचा कॉम्प्युटर खाली उतरला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दुकानातच टकटक सुरू. या भागात तानबा कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, जिनात शिरला होता, म्हणून बायको रक्षा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची की आमचे हे सध्या जिनात कामाला आहेत, पगार तेवढा मिळत नाही.

आठ महिन्यांनी गेम तयार झाला. धर्मेंद्रनं मोठ्या ऐटीत रक्षाला समोर बसवलं आणि स्वतःच गेमच्या बारा पडद्यांपैकी चौथ्यावर अडकला. कापसाच्या दोन गाठींच्या मधल्या फटीत तानबा सतरा वेळा पडला. गेम अवघडच असावा लागतो, असं त्यानं घाम पुसत सांगितलं.

रक्षाचे वडील हिंगणघाटच्या जिनात होते. ती म्हणाली, “तिथं कोणी उडी मारत नाई. फळी टाकते.”

“फळीले जागा कुठून आणू? कॉम्प्युटरच्या अठ्ठेचाळीस केबी मेमरीत सारं बसवलं मी.”

“आन् सुरुवातीले तुमचं नाव लुकलुकून राह्यलं, ते किती जागा घेते?”

दोन दिवस धर्मेंद्र जेवणात मीठ कमी असल्याची तक्रार करत राहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं आपलं लुकलुकणारं नाव काढलं आणि तिथं फळी बसवली. तानबा टुकटुक करत पार गेला. मग रक्षानं सगळे बारा पडदे एका बैठकीत पार केले. धर्मेंद्र अजून नवव्यावर होता.

धर्मेंद्रनं गेम पोलंडला पाठवला. तिथून उत्तर आलं, त्या माणसाला फळी सगळ्यात जास्त आवडली होती. ती कुणाला सुचली, असं त्यानं विचारलं होतं. धर्मेंद्रनं ‘आम्हाला’ असं लिहायला घेतलं. रक्षा चहा घेऊन मागे उभी होती.

“आम्हाले म्हंजे कोणाले?”

धर्मेंद्रनं तो शब्द पुसला, तिचं नाव टाकलं आणि स्पेलिंग बरोबर आहे का ते तिलाच विचारून घेतलं.