एक घर, एक नकाशा

खोलीत दोन बाकं, तीन खुर्च्या, एक पंखा, नकाशांचे सहा गठ्ठे आणि एक नोंदवही होती. वहीत वर्षभराच्या नोंदी नऊशे बारा. मी दोनदा मोजल्या.

देशातल्या प्रत्येक लॉजच्या भाड्यात थोडा पर्यटन कर असतो. तो राजधानीत जमा होतो आणि तिथून माहिती केंद्रांना वाटला जातो. यंदापासून ही वाटणी माणसं मोजून होणार होती. वर्षाला चोवीसशेपेक्षा कमी माणसं आली तर केंद्र बंद. मुख्य कार्यालयानं मला तेवढंच तपासायला पाठवलं होतं.

हे केंद्र एकहाती चालवणाऱ्या गृहस्थांना सगळं गाव नकाशेकाका म्हणायचं. मी पोहोचले तेव्हा समोर एक जोडपं आणि त्यांची दोन मुलं उभी होती. त्यांना कड्यावर जायचं होतं. काकांनी नकाशाची घडी अशी घातली, की कड्याचा रस्ता बरोबर वर आला. चौघं गेल्यावर त्यांनी वहीत लिहिलं : एक.

“काका, चार जण होते.”

“नकाशा एकच दिला ना? एक घर, एक नोंद.”

“नियमात माणसं मोजायची आहेत.”

“एका घरची माणसं काय सुटी सुटी मोजायची, पोरी?”

मी चोवीसशेचा नियम सांगितला. ते खाली बसले. “म्हणजे माझ्याच हातानं कुलूप लावलं म्हणायचं.”

जुन्या नोंदी बदलता येत नाहीत. पण नियमपुस्तिकेत एक वाट होती : तपासनीसानं सात दिवस स्वतः डोकी मोजायची, दर नोंदीमागची सरासरी काढायची आणि ती वर्षाच्या नोंदींना लावायची. चोवीसशे गाठायला मला सरासरी २.६३२ हवी होती. खरं तर तपासनीसाला काही हवं नसतं.

मी बाकावर बसून मोजत राहिले. दुपारी काकू डबा घेऊन यायच्या. तिसऱ्या दिवसापासून डब्यात माझाही वाटा येऊ लागला. सातव्या दिवशी दुपारपर्यंत नोंदी सत्तावीस, माणसं सत्तर. सरासरी २.५९३.

“मला धर की मोजून,” काकू म्हणाल्या.

“तू कधीपासून पर्यटक झालीस?” काका म्हणाले.

“पंचवीस वर्षं रोज येतेय. कधी एक नकाशा दिलात?”

“काकू, तुम्ही एकट्या. सरासरी अजून खाली येईल.”

“बघा, इथंही माझा उपयोग नाही!” त्या हसल्या. काका हसले नाहीत. गठ्ठ्यांवरची धूळ पुसत राहिले.

चार वाजता दाराशी एक मोठी गाडी थांबली. आधी एक आजीबाई उतरल्या. “रस्ता वर ठेवून घडी घालणारे ते तुम्हीच का? आमचा धाकटा गेल्या आठवड्यात बायकोपोरांना घेऊन कड्यावर येऊन गेला. म्हणाला, आधी त्यांच्याकडे जा.”

मागून बाकीचे उतरले. काकांनी आजीबाईंना कुठवर चालवेल ते विचारलं. मग एकच नकाशा घेतला, दोनदा उलगडून पुन्हा घडी घातली. घडीला दहा मिनिटं लागली.

ते गेल्यावर काकांनी लिहिलं : एक. आणि वही माझ्याकडे सरकवली.

मी शेजारी लिहिलं : अकरा.

नोंदी अठ्ठावीस, माणसं एक्क्याऐंशी. सरासरी २.८९३. वर्षाची माणसं, अंदाजे : दोन हजार सहाशे अडतीस.