अंजनाआक्कांचं पान

"आक्का, मोठ्यानं!" मी मागून कुजबुजले. अंजनाआक्कांनी मान हलवली, ग्रंथ जवळ ओढला आणि परत पहिल्यापासून सुरू केलं. ओठ हलत होते. आवाज नव्हता.

बुद्धविहारात पन्नासेक माणसं बसली होती. कबनूरच्या आमच्या गल्लीत पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. एकेक संध्याकाळ एकेका घराची. त्या घरातल्या कुणीतरी उठून पान वाचायचं. आज आबांचं घर होतं.

आबा म्हणजे आक्कांचे मालक. चाळीस वर्षं यंत्रमाग चालवला आणि त्या खडखडाटात दोन्ही कान घालवून बसले. पण वाचायचे असे, की मांडीवरची पोरंसुद्धा गप्प व्हायची. पुढे स्वतःचाच आवाज ऐकू येईना, तसे ते ओरडून वाचायला लागले. गेल्या वर्षी मागच्या रांगेतली पोरं हसली. आबांना ते ऐकू आलं नाही, पण दिसलं. त्यांनी ग्रंथ शेजारच्याकडे दिला आणि पुन्हा हात लावला नाही. हसणाऱ्यांत माझा सख्खा भाऊ सम्राट होता. घरी आल्यावर मी त्याची जी खरडपट्टी काढली, ती इथे लिहिण्यासारखी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का माझ्या दारात. मी बालवाडीची बाई, एवढंच माझं भांडवल.

"क्रांती, आमच्या घरची संध्याकाळ रिकामी जाऊ द्यायची न्हाय. मला वाचाय शिकीव."

"आक्का, या वयात?"

"वयाला काय झालं? डोळं हायत की!"

एका आक्कांसाठी म्हणून बसले, तर महिन्याभरात अकराजणी झाल्या. सगळ्या एकाच कारखान्यात मशीनवर मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या. दुपारी तीन ते चार, विहारात. पण कारखान्याचे मालक उदयसिंह अडून बसले. "मशीन बंद ठिवून बाराखडी? मी काय धर्मशाळा काढलिया?"

तेव्हा त्या अकराजणींतल्याच, पलीकडच्या गल्लीतल्या चिमणाबाई पुढे झाल्या. "बंद कशापायी? आज निम्म्या जातो, निम्म्या त्यांची मशीन बघतो. उद्या उलटं. तुमची कांडी कमी पडली, तर मला सांगा." कांडी कमी पडली नाही. दिवाळीनंतर उदयसिंहांनी स्वतःच फळा पाठवला, वर आपलं नाव रंगवून. कपाळाला जोतिबाचा गुलाल लावलेल्या चिमणाबाई विहारात सगळ्यांच्या आधी येऊन बसायच्या आणि उशिरा येणारीला झापायच्या.

आक्कांचं पान मी मोठ्या अक्षरात लिहून दिलं. ते त्यांनी कारखान्यात मशीनसमोरच्या भिंतीला चिकटवलं. हात कांडीवर, डोळे पानावर. वर्गात धडे वाचायच्या, पण हे पान काही केल्या ऐकवायच्या नाहीत. "आमच्या घरचं हाय ते. त्या दिशीच ऐक." मीही सोडून दिलं. तिथेच माझं चुकलं.

कारण कारखान्यात आवाज कुणी काढतच नाही. त्या खडखडाटात काढून उपयोग काय? सगळं बोलणं ओठांनी. घरची भांडणं, पोरींची लग्नं, चहा आला का, सगळं नुसत्या ओठांनी. आक्कांनी ते पान हजार वेळा वाचलं असेल, पण एकदाही आवाजात नाही. हे माझ्या डोक्यात आलं ते आत्ता, सगळी माणसं चुळबुळ करायला लागल्यावर. मला रडूच यायचं राहिलं होतं. कुणीतरी म्हणालंही, "ऱ्हाऊ द्या आक्का, फुडच्या वर्षी."

आक्का थांबल्या नाहीत. त्यांना वाटत होतं, आपण मोठ्यानंच वाचतोय.

पहिल्या रांगेत आबा बसले होते. ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि आक्कांच्या समोर जाऊन बसले. नजर ग्रंथावर नाही, आक्कांच्या ओठांवर.

"भगवान..."

तोच जुना, भलामोठा आवाज. आक्कांच्या ओठांवरचा एकेक शब्द उचलून आबा मोठ्यानं म्हणायला लागले. न चुकता, न अडखळता. मी वळून सम्राटकडे पाहिलं. हसला असता, तर तिथेच कानफटात दिली असती. तो मान खाली घालून बसला होता.

अर्धं पान झालं आणि आक्कांना आवाज फुटला. घोगरा, बारीक, पण आवाज. चिमणाबाईंनी माझा हात गच्च धरला. आबांना त्याचा पत्ताच नव्हता. ते आपले ओठांकडे बघत आक्कांच्या मागून म्हणतच राहिले. पुढचं सगळं पान विहारानं दोनदा ऐकलं.

आक्कांनी शेवटच्या ओळीखाली बोट ठेवलं आणि ग्रंथ मिटला. आबा पुढे वाकले. आपण हळूच विचारतोय असं त्यांना वाटत होतं, पण ते दारापर्यंत ऐकू गेलं.

"तुझं समद्यास्नी ऐकू आलं न्हवं?"

आक्कांनी आवाज न काढता, नुसत्या ओठांनी सांगितलं, "आलं."