खैराची कप्पी आणि मंगलाचा गुडघा

मित्रांनो, पालघरच्या एका धर्मादाय दवाखान्यात खिडकीजवळच्या खाटेवर एक काळपट लाकडी चाक टांगलेले आहे. त्याच्या खाचेतून पांढरी दोरी गेलेली आहे. ते चाक म्हणजे मी, एक जुनी कप्पी. इथल्या खाटा, चौकटी, सळया सगळ्या लोखंडाच्या. लाकडाची मी एकटीच. नवीन माणूस मला पाहून विचारतो, "ही विहिरीवरची वस्तू इथं कशाला?" त्याचेच उत्तर मी तुम्हाला देणार आहे.

माझा जन्म शिरगावचा. पुंडलिक सुताराने खैराच्या ओंडक्यातून मला घडवले. कड घासून गुळगुळीत केली, दोरीसाठी खाच पाडली, मधोमध लोखंडी आस बसवला. मग बोटाने मला फिरवून तो म्हणाला, "ही कुरकुरनार नाय. गुमान फिरंल."

त्याने मला विश्रामच्या घरच्या विहिरीवर टांगले. विश्रामची पानवेलीची वाडी होती. मंगला लग्न होऊन त्या घरी आली आणि पहिल्याच सकाळी पाणी ओढायला आली. घागर वर आल्यावर ती थोडे हसली. "आमच्या माहेरची कप्पी सगळ्या गावाला उठवायची," ती म्हणाली. "ही बघा कशी शानी हाय." ते कौतुक मला फार आवडले. पुढची कितीतरी वर्षे मी तिच्या घागरी वर आणल्या. आसाला तेल द्यायला ती कधी विसरली नाही.

मग वाडीत तेलावरचे इंजिन आले. पाणी नळीतून थेट घरामागे येऊ लागले. मला विहिरीवरून उतरवले आणि गोठ्यातल्या फळीवर ठेवले. कोळ्यांनी माझ्या खाचेत जाळी विणली. आस गंजला. मित्रांनो, मोडकी वस्तू टाकून दिली तर तिला तेवढे वाईट वाटत नसेल. मी तर धडधाकट होते.

एके दिवशी सकाळी मंगला वाडीत शिडीवर चढून पानवेली बांधत होती. शिडीचा पाय ओल्या मातीत खचला आणि ती खाली आली. तिचा वाकलेला गुडघा पाटाच्या दगडी कडेवर आपटला. तिची किंकाळी मला गोठ्यापर्यंत ऐकू आली.

शेजारपाजारची माणसे धावली. गुडघ्याच्या वरचा भाग भराभर सुजला होता आणि पाय भलत्याच बाजूला वळला होता. कोणी म्हणाले, चोळून, ओढून हाड बसवणारा माणूस आहे, त्याला आणू. घामाने भिजलेली मंगला तशाही अवस्थेत म्हणाली, "पायाला कोनी हात लावायचा नाय. हाय तसा बांदा आनि दवाखान्यात न्या."

विश्रामने शिडीच्याच बांबूच्या पट्ट्या काढल्या. धोतराच्या पट्ट्यांनी त्या पायाच्या दोन्ही बाजूंना बांधल्या. गाडीत पेंढा पसरून त्याने तिला पालघरला नेले.

दुसऱ्या दिवशी विश्राम एकटाच परत आला, तो थेट गोठ्यात. त्याने मला फळीवरून उचलले. दवाखान्यात पायाला वजन लावायची कप्पी एकच होती आणि ती शेजारच्या खाटेला लावलेली होती. "घरी चांगली कप्पी असेल तर आणा," असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले होते. त्याने माझा गंज घासून काढला, आसाला तेल दिले आणि मला पिशवीत घातले. इतक्या दिवसांनी मला काम मिळाले, पण आनंद कसा मानणार? तिकडे पालघरला मंगला कण्हत होती.

दवाखान्यात त्यांनी मला साबणाने धुतले आणि खाटेच्या पायथ्याच्या चौकटीला बांधले. जागा बधिर करून मंगलाच्या नडगीच्या वरच्या टोकातून एक स्टीलची सळई आरपार घातली होती. तिला बांधलेली दोरी माझ्यावरून खाली गेली आणि तिच्या टोकाला वाळूची पिशवी लटकली. मांडीचे स्नायू मोडलेले हाड वर खेचत होते. वाळू त्यांना शांतपणे खाली ओढत होती. माझे काम एवढेच की ती ओढ सरळ राहावी. संध्याकाळपर्यंत मंगलाच्या कपाळावरची आठी सैल झाली.

शेजारच्या खाटेवर राहीबाई होती. ती मूळची परभणीकडची. तिचा मुलगा तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर होता. बोईसरच्या बाजारातून येताना ती बैलगाडीतून पडली होती. तिचेही मांडीचे हाड खालच्या अंगाला मोडले होते.

रविवारी मुंबईहून हाडांचे सर्जन आले. त्यांचे नाव डॉक्टर सबनीस. उंच, किरकोळ, बोलताना कधी घाई न करणारे. त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि विश्रामला जवळ बोलावले.

"मलापन दाखवा," मंगला खाटेवरून म्हणाली.

सबनीसांनी एक्स-रे तिच्यासमोर धरला. "हे मांडीचं हाड. त्याचं खालचं टोक म्हणजेच गुडघ्याचा वरचा भाग. तुमचं हाड इथे आडवं मोडलंय. शिवाय खालच्या तुकड्याला उभी चीर गेलीय, ती थेट सांध्यात."

"मग काय करायचं?" विश्रामने विचारले.

"दोन रस्ते आहेत. एक, हे वजन असंच तीनेक महिने लावून ठेवायचं. हाड जुळेल. पण सांध्यातली चीर वजनाने नीट बसत नाही, आणि इतके दिवस न हललेला गुडघा आखडतो. दुसरा रस्ता शस्त्रक्रियेचा. मांडी मधोमध मोडली असती तर हाडाच्या पोकळीत दांडा घालता आला असता. इतक्या खाली त्याची पकड राहत नाही. म्हणून आधी चिरलेले दोन तुकडे स्क्रूने एकत्र आणायचे. मग एक काटकोनात वाकवलेली पोलादी पट्टी घ्यायची. तिचं एक पातं गुडघ्याजवळच्या तुकड्यात ठोकायचं आणि उरलेली पट्टी मांडीच्या बाहेरच्या अंगाने हाडाला स्क्रूने घट्ट करायची. तसं केलं तर काही दिवसांतच गुडघा हलवता येतो."

"यात धोका हाय का?"

"आहे. जखमेत पू झाला तर फार त्रास होतो. पट्टी काढावी लागते. कधीकधी पायच संकटात येतो. आम्ही सगळी काळजी घेतो, पण होणारच नाही असं मी म्हणणार नाही."

विश्रामचा चेहरा उतरला. "पाय सरळ राहिला, चालता आलं, म्हंजे झालं की. कापाकापी कशाला?"

मंगलाने डॉक्टरांकडे पाहिले. "वजनावर ठेवलं तर मला चालता येईल?"

"येईल."

"आनि खाली बसता?"

"बहुतेक नाही. पाय काठीसारखा ताठ राहील."

"अवो, ऐकलंत?" मंगला नवऱ्याला म्हणाली. "चुलीपुढं बसायचं, पानांच्या जुड्या बांदायला बसायचं, न्हायला बसायचं. बाईचा सगळा दिवस उकिडवं बसन्यात जातो. मग मला कोनी उचलून बसवायचं आनि कोनी उचलून उटवायचं? तुमी?"

"मी बसवीन," विश्राम हळूच म्हणाला. तो ते मनापासून म्हणाला, हे मला कळले.

"तुमी बसवाल. पन मला नाय तसं बसायचं. भीती मलापन हाय. भीती चार दिवसांनी जाईल, ताठ गुडघा नाय जानार."

विश्राम राहीबाईकडे वळला. "मावशी, तुमी बगा. तुमाला कुटं कापलं? तुमी वजनावरच हाव ना?"

राहीबाई उशीवरून मान वळवून म्हणाली, "बाबा, माझं हाड एका जागी मोडलंय. सांध्यात चीर न्हाई. वरून मला दमा. डाक्तर म्हन्ले, म्हातारे, तुला भूल झेपायची न्हाई, तुला वजनच बरं. माझं औषद तुझ्या बायकूला कशाला देतूस?"

सबनीस हसले. "मी सांगायचं ते राहीबाईंनी सांगितलं."

विश्रामने सदऱ्याची बाही वर सारली. मग डॉक्टरांकडे वळून तो म्हणाला, "रक्त लागलं तर माजं घ्या."

पुढच्या रविवारी सबनीस पोलादी हत्यारांची पेटी घेऊन आले. पट्ट्या, स्क्रू, हत्यारे सगळे वाफेत निर्जंतुक केले. मंगलाच्या पायाचे वजन उतरवले आणि तिला आत नेले. माझी दोरी मोकळी लोंबत राहिली. आत काय झाले ते मी पाहिले नाही. मी फक्त विश्रामला पाहिले. दंडावर रक्त दिल्याची पट्टी बांधून तो बाकावर बसला होता. राहीबाईने त्याला आपल्या वाटणीचा चहा प्यायला लावला.

मंगला परत आली तेव्हा भुलीत होती. पाय गुडघ्यात वाकवून लोखंडी चौकटीवर ठेवला होता. "चांगलं बसलं," सबनीस म्हणाले. दिवसभरात ते एवढेच बोलले, पण त्यांच्या आवाजात खात्री होती.

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर किती बरे झाले असते! पण काही दिवसांनी मंगलाला ताप भरला. मांडी तटतटली. पू झाला की काय, हा विचार सगळ्यांच्या मनात आला. विश्राम जेवला नाही. निरोप मिळताच सबनीस मुंबईहून आले. त्यांनी एक टाका सैल केला. आतून साकळलेले काळे रक्त आले. त्यांनी ते उजेडात नीट पाहिले, वास घेतला. "पू नाही," ते म्हणाले. "साचलेलं रक्त आहे. निघालं, बरं झालं." दुसऱ्या दिवशी ताप उतरू लागला. विश्रामने नमस्कारासाठी राहीबाईच्या पायाला हात लावला तेव्हा ती ओरडली, "त्या पायाला नको रं, मोडका हाय त्यो!" मंगला आजारपणात पहिल्यांदाच खळखळून हसली.

आता माझे खरे काम सुरू झाले. मला पायथ्यावरून काढून खाटेवरच्या आडव्या दांडीला टांगले. मंगलाच्या मांडीखाली कापडी झोळी घातली. झोळीची दोरी माझ्यावरून थेट तिच्या हातात आली. तिने दोरी खाली ओढली की मांडी वर उचलायची, टाच गादीवरून मागे सरकायची आणि गुडघा वाकायचा. लक्षात घ्या, मी वजन हलके करत नाही. मी फक्त दिशा बदलते. जोर तिचाच होता.

पहिल्या दिवशी तिने दोरी जेमतेम ओढली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आले. गुडघा नावाला हलला. विश्राम घाबरून म्हणाला, "राहू दे गं, उद्या कर."

"उद्याच्याला उद्या करीन. आजचं आज," मंगला म्हणाली आणि तिने पुन्हा दोरी ओढली.

रोज सकाळ-संध्याकाळ ती ओढत राहिली. दुखायचे, ओठ चावायची, थांबायची, पुन्हा ओढायची. दोरी माझ्या खाचेतून धक्के देत, अडखळत यायची. मग एके दिवशी ते धक्के थांबले. दोरी एका लयीत येऊ-जाऊ लागली आणि मी पुंडलिकाने म्हटल्याप्रमाणे गुमान फिरले.

राहीबाईचे हाडही छान जुळले. काठी टेकत ती मुलाबरोबर तारापूरला गेली. तिचा गुडघा थोडा आखडला होता, पण तिला त्याचे दुःख नव्हते. "दम्यानं मेले न्हाई, पायानं चालले. आनि काय पायजे?" असे म्हणून तिने मंगलाच्या गालावरून हात फिरवला.

मंगला कुबड्या घेऊन घरी गेली. हाड पक्के होईपर्यंत पाय टेकायचा नाही, ही ताकीद तिने पाळली. काही महिन्यांनी ती तपासणीला आली. एक्स-रेत हाड एकसंध दिसत होते. सबनीस म्हणाले, "बसून दाखवा."

तिने एका हाताने खाट धरली आणि सावकाश फरशीवर उकिडवी बसली. पूर्ण नाही. टाच आणि मांडी यांत ओंजळभर जागा राहिली. सबनीस खाली वाकून पाहू लागले. "एवढं कमीच राहील बहुतेक."

"जुड्या बांदायला एवढं पुरतं," मंगला म्हणाली आणि कोणाचा हात न धरता उठली.

निघताना विश्रामने मला सोडवायला हात वर केला. मंगलाने त्याला थांबवले. "राहू द्या. हितं लागंल कोनाला."

तेव्हापासून मी इथलीच आहे. माझ्या दोरीने कितीतरी पाय वाकले. काही लवकर, काही उशिरा, एखादा थोडाच. पंधरा दिवसांपूर्वी शिवाजी नावाचा बोईसरचा कामगार या खाटेवर आला. त्यालाही तशीच पट्टी बसवली होती. दोरी हातात घेऊन तो नुसता पडून राहायचा. "पाय मोडंल पुन्हा," म्हणायचा. सिस्टर समजावून थकल्या.

आज मंगला पालघरला पाने विकायला आली होती. कधी आली की ती दवाखान्यात डोकावते आणि माझ्या आसाला तेल देते. तिने शिवाजीकडे पाहिले. पानांची टोपली खाली ठेवली, लुगडे थोडे वर घेऊन गुडघ्याशेजारचा लांब व्रण त्याला दाखवला आणि त्याच्या खाटेजवळ उकिडवी बसली.

"हितंच मोडला होता. तुमच्यासारखाच," ती म्हणाली. "डॉक्टरांनी हाड बसवलं. गुडगा ते नाय वाकवनार. दोरी तुमच्या हातात हाय, दादा."

शिवाजीने तिच्याकडे पाहिले, मग वर माझ्याकडे. त्याने दोरी मुठीत धरली.

मित्रांनो, कधी कोणाचे हाड मोडले तर त्याला चोळू नका, ओढू नका. पट्ट्या बांधून नीट दवाखान्यात न्या. कोणता उपाय करायचा ते डॉक्टरांना विचारा. आणि हाड बसवल्यावर त्या माणसाला एकटे सोडू नका. दुखते म्हणून तो थांबेल, तेव्हा त्याच्या उशाशी बसा. आमच्यासारख्या वस्तूंनाही जपा. थोडे तेल, थोडी स्वच्छता, एवढ्यावर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या राबतो.

आता मला बोलायला वेळ नाही. शिवाजीने डोळे मिटले आहेत, दात आवळले आहेत आणि दोरी ताणली जात आहे. मी फिरू लागले आहे.