टेकडीवरचा नारळ

गिरिधररावांना सकाळपासून बूड टेकवून बसणं जमत नव्हतं. महाल भागातल्या घराचं कुलूप त्यांनी तीनदा ओढून पाहिलं, कन्हान नदी मागे पडेपर्यंत ड्रायव्हरला चारदा सावकाश जायला सांगितलं, आणि आता टेकडीच्या माथ्यावर त्यांच्या येरझारा चालल्या होत्या. एवढं करून उडायचं त्यांना नव्हतंच. उडणार होत्या त्यांच्या सौभाग्यवती, उत्तराबाई. वय वर्षं चोपन्न. शाळेतली नोकरी सोडून बाईंनी पॅराग्लायडिंग शिकायला घेतलं होतं आणि आज पहिल्यांदा एकट्या उडणार होत्या.

पण हवाच नव्हती. मागचे दोन रविवारही असेच वाया गेले होते.

"चला ना घरी," गिरिधरराव म्हणाले. "हवेले नाही यायचं आज."

"तुम्ही बसा बरं एका जागी! काहून घाबरवून राहिले मले?"

शिकवणाऱ्या मोहितनं बाईंच्या पाठीला बांधलेल्या सीटचे सगळे पट्टे तासाभरापूर्वीच आवळून तपासले होते. छातीवरचा एक, मांड्यांवरचे दोन. त्या मांड्यांवरच्या पट्ट्यांवरच माणूस तोललेला असतो, हे त्यानं गिरिधररावांनाही दोनदा समजावलं होतं, कारण त्यांनी दोनदा विचारलं होतं.

करायला काहीच उरलं नाही, तेव्हा गिरिधररावांनी पिशवीतून नारळ काढला. घरात स्कूटर आली तेव्हा नारळ, फ्रिज आला तेव्हा नारळ; मग बायको आभाळात जाणार आणि नारळ नाही? उत्तराबाई हसल्या, पण नको म्हणाल्या नाहीत. पाठीवरच्या अवजड सीटसकट वाकता येईना, म्हणून त्यांनी मांड्यांवरचे पट्टे सोडले, गुडघे टेकून दगडावर नारळ फोडला आणि मनोभावे नमस्कार केला.

नेमकी तेव्हाच ती मेली हवा आली! उतारावरचं वाळलं गवत सळसळलं.

"काकू, उठा, उठा! हीच हवा पाहिजे!" मोहित ओरडला. त्यानं तपासणी केलेलीच होती, त्यामुळे पुन्हा पाहायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. उत्तराबाईंनी दोऱ्या ओढल्या, मागे पसरलेलं पॅराग्लायडरचं कापड फुगून डोक्यावर आलं आणि त्या उताराकडे धावू लागल्या.

खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकता टाकता गिरिधररावांनी पाहिलं. बाईंच्या गुडघ्यांशी दोन काळे पट्टे फडफडत होते.

ते कसे धावले ते त्यांनाच ठाऊक. एकसष्ट वर्षांच्या त्या माणसानं मागून सीटला मिठी मारली आणि दोघंही दाणकन आपटली. वरून ते भलंमोठं कापड अंगावर आलं.

"सोडा मले!" कापडाखालून उत्तराबाई रडत ओरडल्या. "जन्मभर आडवेच आले तुम्ही! मले एक काही करू देलं नाही!"

गिरिधररावांना इतकी धाप लागली होती की शब्द फुटेना. त्यांनी नुसता सुटा पट्टा वर धरला. उत्तराबाईंनी तो पाहिला आणि दुसरा पट्टा चाचपला. मोहितनं कापड बाजूला ओढलं आणि पट्टा बघितला.

"काकू, चुकलं माझं."

"तुझं नाही गा," गिरिधरराव कसेबसे म्हणाले. "मीच नारळ काढला ना."

हवा मात्र वाहतच होती. मोहितनं कापड पुन्हा पसरलं, दोरी न् दोरी तपासली. "काका, आज राहू द्यायचं का?" त्यानं विचारलं.

उत्तराबाई नवऱ्याकडे बघत होत्या. एक 'हो' म्हटलं असतं तर विषय कायमचा मिटला असता, हे गिरिधररावांना पक्कं कळत होतं. त्या टेकडीचा त्यांना मनापासून तिटकारा आला होता. ते खाली वाकले. डावा पट्टा लावला, उजवा लावला, दोन्ही ओढून पाहिले आणि मोहितलाही ओढायला लावले.

"अवं, उभी काहून राहिली?" ते खेकसले. "हवा जाऊन राहिली ना!"

उत्तराबाई धावल्या. तीन पावलं. चौथ्याला त्यांच्या पायाखाली जमीन नव्हती. गिरिधरराव मात्र मागोमाग धावतच राहिले. उताराच्या अगदी कडेला मोहितनं त्यांना शर्टाला धरून थांबवलं.